मंगळवारच्या बाईंचा कप

आई,

कालपासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायची सवयही मोडली आहे. निमित्त माझ्या पुस्तकाचं. हो, तू ज्यांना 'भिंतीची पुस्तकं' म्हणायचीस तसलीच पुस्तकं आता मी लिहिते. वरच्या शहरात मजेत राहणारे लोक, खालच्या शहरात त्यांचं सगळं करणारे लोक, मध्ये भिंत, आणि पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, जी शेवटी ती भिंत पाडते. नॉटिंगहॅमच्या लायब्ररीतून मी ती पिशवी भरून आणायचे, आणि तू "बघू काय वाचतेस" म्हणून त्यातलं एखादं उचलून हॉस्पिटलला घेऊन जायचीस. लोकांना भूल द्यायची आणि दोन ऑपरेशनांच्या मध्ये लेकीची पुस्तकं वाचायची. पुस्तक परत यायचं ते चहाचे डाग घेऊन, आणि दंड भरायला मी. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "काय गं, ह्या सगळ्या मुलींच्या आया पहिल्याच चॅप्टरमध्ये कशा मरतात? आई जिवंत असली की रिव्होल्यूशन होत नाही का?" मी म्हटलं, "आई असली की ती जेवायला हाक मारते. कसली होतेय रिव्होल्यूशन." तू लाटणं उगारलंस आणि मग आपण दोघी हसत सुटलो.

आपल्या घरात भिंत आहे हे मला चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत दिसलं नव्हतं. दर मंगळवारी साफसफाईला यायच्या त्या बाई तिथल्याच, गोऱ्या, तुझ्याहून बऱ्याच मोठ्या, नॉटिंगहॅममध्ये सगळ्यांना लाडाने म्हणतात तसं तुलाही 'डक' म्हणणाऱ्या. त्यांना नाव होतं, समोर तू ते घ्यायचीसही, पण घरात मराठीत बोलताना त्या कायम 'मंगळवारच्या बाई'. आपले कप भिंतीवरच्या हुकांना ओळीने टांगलेले असायचे. त्यांचा कप तेवढा सिंकमागच्या खिडकीत, भांड्यांच्या लिक्विडशेजारी. जाड, रुंद कानाचा, निळ्या पट्ट्यांचा. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून तूच आणला होतास. त्या उन्हाळ्यात आपण नागपूरला मामाकडे गेलो आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनवर पालथा घातलेला स्टीलचा कप मी पाणी प्यायला उचलला. मामी लगबगीने म्हणाली, "अगं, तो नको, तो भांडेवालीचा." मी विचारलं, का? "का म्हणजे? वेगळा असतो," असं म्हणून तिने मला दुसरा पेला दिला. तू तिथेच भाजी निवडत बसली होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तू मेथीकडे. घरी परतल्यावर बॅगा उघडायच्याही आधी मी स्वयंपाकघरात जाऊन त्या खिडकीकडे बघत उभी राहिले.

त्यानंतरची शाळेची हाफटर्मची सुट्टी आहे, मंगळवार आहे, तू ड्यूटीवर गेली आहेस. मी तो निळ्या पट्ट्यांचा कप गॅरेजमध्ये नेऊन आकाशकंदिलाच्या खोक्यात तळाशी ठेवते. मग शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपबशा काढते, दिवाळीला वॉटफर्डहून आणि हॅरोहून माणसं येतात तेव्हाच बाहेर निघणाऱ्या, आणि बाईंना त्यातून चहा देते. एक भाषणही तयार आहे माझ्याकडे, समतेवरचं, इंग्रजीत, आरशासमोर म्हणून पाहिलेलं. बाई कपाकडे बघतात. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे. आणि त्यांचा चेहरा असा पडतो की माझं भाषण राहूनच जातं.

"माझा कप कुठे गेला, डक?" त्यांनी विचारलं. "माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही नाही, हा जास्त चांगला आहे. "हा पाहुण्यांचा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या चहाला त्यांनी हात लावला नाही. मग त्यांनी सांगितलं. होजिअरीच्या फॅक्टरीत त्या शाळा सुटल्यापासून होत्या. कँटीनमध्ये हुकांची रांग, प्रत्येकीचा स्वतःचा कप. दुसरीच्या कपाला कोणी हात लावत नसे. फॅक्टरी बंद करायची ठरली तेव्हा साहेबाने तोंडाने काहीच सांगितलं नाही. सकाळी येऊन बघतात तर हुकं रिकामी आणि सगळ्यांचे कप एका खोक्यात. "डॉक्टरांना मी नको असेन तर नको," त्या म्हणाल्या, "पण त्यांनी मला स्वतः सांगावं. तुझ्याकडून नाही." आई, खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार होते? की ज्याला तुम्ही तुमचा कप म्हणता, तो तुमचं तोंड आमच्या कपांना लागू नये म्हणून ठेवलाय? माझ्या पुस्तकांतल्या मुली असल्या वेळी टेबलावर चढून बोलतात. मी हातात बशी घेऊन नुसती उभी. त्यांनी सगळं घर रोजच्यासारखं लख्ख केलं, बाबांचे शर्ट इस्त्री केले, आणि मग कोट घालून, आपल्या घराची किल्ली टेबलावर ठेवून, तुझी वाट बघत बसल्या.

तू आलीस ती गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला तसाच ठेवून. किल्ली पाहिलीस, साय धरलेला तो चहा पाहिलास, रिकामी खिडकी पाहिलीस, आणि शेवटी मला पाहिलंस. तुला सगळं कळलं. कुणाला किती भूल लागेल हे नुसतं बघून ओळखणारी बाई तू, लेकीचा चेहरा ओळखायला काय वेळ लागणार! मराठीत एवढंच म्हणालीस, "कुठंय? आण." मी आणला. तू तो धुतलास, चहा केलास, त्यांना लागायची तशी साखर घातलीस. मग मला म्हणालीस, "एक हूक रिकामं कर." बाबांचा कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये मिळालेला कप मी उतरवला. "मुलीने किचन लावायला काढलंय," तू त्यांना इंग्रजीत म्हणालीस. "तुमचा कप आता इथे, आमच्यात. खिडकीत ऊन लागतं." केवढी थाप! नॉटिंगहॅमच्या त्या खिडकीत ऊन! पण बाई हसल्या, किल्ली उचलून पर्समध्ये टाकली, आणि तू, जी कायम उभ्यानेच चहा प्यायचीस, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलीस. गुडघेदुखीवर बराच वेळ बोलत होतात दोघी.

त्या संध्याकाळी मी तुझ्यावर तुटून पडले. "दॅट्स सो फेक, आई! तू त्यांना सॉरीसुद्धा म्हणाली नाहीस." तू कोथिंबीर चिरत होतीस, चिरतच राहिलीस. "आमच्याकडे असाच असायचा गं वेगळा," तू म्हणालीस. "इथे आले, बाई लावली, कप आणला, खिडकीत ठेवला. हात आपोआप चालला, डोकं लागलंच नाही. पहिल्याच महिन्यात ती मला म्हणाली, तुम्ही आठवणीने माझ्यासाठी स्वतंत्र कप आणलात, फॅक्टरी सुटल्यापासून मला माझा कप नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. पण ती केवढी खूश होती! काय बोलणार होते मी?" मी म्हटलं, खरं बोलायचं होतंस. "खरं बोलले असते तर माझं मन हलकं झालं असतं. तिचं काय झालं असतं?" आणि मग सुरी खाली ठेवून तू म्हणालीस ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "तिला वाटतं की आपण तिला मान दिला. आता तिला जे वाटतं ते खरं करून दाखवायला हवं. त्याला वेळ लागेल. आणि तू बंड जरूर कर, पण दुसऱ्याच्या कपाला न विचारता हात लावायचा नाही." मला ते अजिबात पटलं नाही. खोलीचं दार आपटून मी भिंतीचं पुढचं पुस्तक उघडलं.

वेळ तुझ्याकडे फार नव्हता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं. मंगळवारी तू जमेल तशी लवकर घरी येऊ लागलीस. दोन खुर्च्या, दोन कप, मध्ये कधी शंकरपाळी, कधी त्यांनी आणलेला केक. दोनेक वर्षांनी तू आजारी पडलीस आणि त्या मंगळवार सोडूनही यायला लागल्या. औषधांनी तुझ्या बोटांतली जाणीव गेली होती. नेमकी सुई लावणारी तुझी बोटं, त्यांना साधा कपाचा कान धरता येईना. एका दुपारी चहा सांडला, दुसऱ्यांदा सांडला, आणि तू रडवेली झालीस, मी तुला कधी पाहिली नव्हती तशी. बाई उठल्या, हुकावरचा आपला कप काढला, त्यात चहा ओतला आणि रुंद कानात तुझी सगळी बोटं एकेक करून अडकवली. "माझा घे, डक. हा जाड आहे, सुटायचा नाही." त्यांच्या कपातून तू चहा प्यायलीस, सगळा. आणि त्यांनी स्वतःसाठी शोकेसमधला सोनेरी काठाचा कप काढला, बशीसकट, करंगळी वर करून राणीसारखा एक घोट घेतला, तशी तू खोकला येईपर्यंत हसलीस. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणालीस, "बघ, झालं खरं."

तो कप शेवटपर्यंत तुझ्याकडेच राहिला. तू गेल्यावर बाबांनी तो त्यांना द्यायला काढला, तर त्या म्हणाल्या, आता तो डॉक्टरांचा आहे, मी कसा नेऊ? म्हणून तो माझ्याकडे आला. आत्ता तो समोर आहे, पेनं ठेवलेला.

तर आता भांडण. माझ्या नव्या पुस्तकात खालच्या शहरातल्या लोकांना वरचे लोक वारांनी ओळखतात. सोमवारची, बुधवारचा. हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. नायिकेची आई वरच्या शहरातली, भिंतीच्या आत जन्मलेली, हात आपोआप चालणारी. संपादकबाई म्हणतात की ती पहिल्या प्रकरणात मरायला हवी, नाहीतर मुलीला बंड करायला मोकळीक कशी मिळणार? पटण्यासारखं आहे. मी प्रामाणिकपणे बसले मारायला. एकदा तिला तापाने मारायचं ठरवलं, तर उतार पडला. एकदा भिंत तिच्या अंगावर पाडणार होते, तर ऐन वेळी ती दूध आणायला गेली. काल पुन्हा बसले, आणि ती बया स्वयंपाकघरात हुकं ठोकत होती.

संपादकबाईंना मी आज कळवलं की आई जिवंत राहील, कथानकाची ती गरज आहे. त्यांना पटलेलं दिसतंय. पण आई, कथानकाची तशी काही गरज नाही. मुलगी भिंत पाडून धुळीने माखून घरी येते, तेव्हा तिला जेवायला हाक मारणारं कुणीतरी मला हवं होतं, एवढंच.