दारची दुर्वा

मंगळवार, अंगारकी

फाटकाजवळच्या हिरवळीला पुन्हा टक्कल! पावसाळ्यात मुळं कुजतात, मार्चात पाती करपतात, म्हणून यंदा तिसऱ्यांदा बी पेरलं. पाकिटावर लिहिलंय, ‘समशीतोष्ण हवामानासाठी’. आमच्या कोल्हापूरला सम कधी जमलंय? तरी उगवलं बिचारं. आणि आज सकाळी बघतो तर शेजारच्या आक्काताई त्या टकलापाशी बसून गवत खुडतायत. गणपतीला वाहायला, दुर्वा समजून! मी आपला वर्षभर हवामानाला शिव्या देत बसलो होतो.

हे परदेशी वाणाचं गवत. दुर्वेशी त्याचं लांबचंही नातं नाही. एवढं सांगितलं असतं तरी खुडणं थांबलं असतं. सांगायला म्हणून गेलोही. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “भाऊ, दर संकष्टीला तुमच्या दारची दुर्वा व्हायली, आन् आमची थोरली शिरोलीच्या कारखान्यात पर्मनंट झाली की! लई गुणाची हाय बघा तुमची दुर्वा.”

मी आल्या पावली घरात परतलो.

चंद्र दिसल्यावर त्या ताटभर तळलेले मोदक देऊन गेल्या. बायकोनं विचारलं, “सांगितलंत का त्यांना?”

“खुद्द बाप्पानं चालवून घेतलंय. पाकीट दाखवणारा मी कोण?”

“मोदकासाठी गप्प बसलात, असं म्हणा की.”

तेही खरंच. मोदक फर्मास होते.

उरलेलं बी उद्याच त्या टकलावर टाकायला हवं. पुढच्या संकष्टीपर्यंत उगवलं पाहिजे. त्यांच्या धाकटीचं लग्न जमायचंय अजून.