धूसर आजोबा

ता. ३ मार्च

चि. भोपूस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक धपाटा. बँकेच्या चोर पकडायच्या खात्यात बढती मिळाल्यापासून तू बहिणीला साफ विसरलास, असं हे म्हणतात. मी म्हणत नाही, पण त्यांना अडवतही नाही.

फोन सोडून पत्र लिहायला बसलेय ती मुद्दाम. माझं फोनवरचं बोलणं रस्त्यापलीकडच्या शिंपीणबाईंना शिवणयंत्र चालू असताना ऐकू जातं. आपल्या घराण्याचा गळाच तसा, तुला काय सांगायचं! आणि आजची गोष्ट मोठ्यानं बोलायची नाही.

दुकानाच्या खात्यातून पैसे गेलेत. फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे कापायचं नवं मशीन घ्यायला साठवले होते, त्यातले निम्मे. कोणा भलत्याच्या नावावर गेलेत आणि मी तर एकही पैसा पाठवलेला नाही. ह्यांचा आणि कॉम्प्युटरचा छत्तीसचा आकडा. राहिलो आम्ही दोघी, मी आणि सूनबाई. खातं कॉम्प्युटरवर तिनंच सुरू करून दिलं, पासवर्ड तिनंच घातला. चिरंजीव बोटीवर, सहा महिने घरी नाहीत. मग दुसरं कोण, तूच सांग.

मी आरोप बिरोप काही केला नाही हं. फक्त विचारलं, तुला काही नड होती का, असती तर मोकळेपणी सांगायचं होतंस. ती काच कापत होती. हातातली हिरकणी खाली ठेवली, हात धुतले, आणि चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणाली. हो नाही की नाही नाही. गप्प बसणाऱ्या माणसाचं मला काही कळतच नाही बाबा.

मी हे कोणाकडे बोललेले नाही. काचवाल्याला तेवढं म्हणाले, पण तो घरचाच. आणि शिंपीणबाईंना, कारण त्यांनी आपणहून विचारलं. बँकेतही सांगितलं नाही. घरचं माणूस आपणच का उघडं पाडायचं? त्यापेक्षा काल बसून पासवर्डच बदलून टाकला. नवा कुठे लिहिला नाही, ह्यांनाही सांगितला नाही. आता लावून दाखव म्हणावं हात.

जिवाला फार लागलंय रे. पोरगी गुणी वाटत होती.

माया आहेच, पत्र मात्र पाठवत जा.

तुझी,
ताई


ता. ६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळतेय.

पत्र वाचल्यावर लगेच तुला फोन केला, तर गिऱ्हाईक आहे म्हणून तू ठेवून दिलास. मग भावोजींना लावला. ते म्हणाले, कॉम्प्युटर हे तुझ्या बहिणीचं राज्य, मी त्याच्या वायरलाही शिवत नाही, आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. म्हणून हे कुरिअरनं पाठवतोय. हातातलं काम टाक आणि वाच.

एक. नवा पासवर्ड तू कुठल्या कॉम्प्युटरवर बसून बदललास? दुकानातल्याच असेल तर तू कुलूप बदललंस खरं, पण चोराला शेजारी उभं करून. दुसरं म्हणजे त्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर आत्ताच्या आत्ता उपटून टाक. भावोजी शिवत नसतील तर तू शिव. आणि मग घरची अब्रू वगैरे गुंडाळून ठेवून सरळ बँकेत जा आणि खातं थांबवायला सांग. आमच्या खात्यात अशी माणसं रोज येतात. निम्म्यांना घरातल्याच कोणाचा तरी संशय असतो, आणि बहुतेकांचा चुकतो.

मला एवढंच सांग: बँकेचं पान हल्ली काही जास्तीचं विचारायला लागलंय का? आणि कोणा अनोळखी माणसाची ईमेल उघडली होतीस का?

सूनबाईबद्दल मी आत्ता काही म्हणत नाही. पण काचवाल्याशी तू आणखी काही बोलू नकोस. तो सगळ्या गावाला काच पुरवतो गं.

तुझा काळजीनं घसा बसलेला,
भोपू


ता. ९ मार्च

चि. भोपूस,

आशीर्वाद. आज धपाटा नाही, हातात बळच उरलेलं नाही.

कुरिअरवाला दुपारी आला आणि उरलेले पैसे सकाळीच गेले होते. सगळे! खात्यात काही म्हणजे काही शिल्लक नाही. नवा पासवर्ड एकट्या मला ठाऊक. सूनबाई तिकडे माहेरी, तिला तो स्वप्नातही कळणार नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पैशांमुळे नाही रे. मी त्या पोरीला काय विचारून बसले, ते आठवून.

तशीच पायात चप्पल अडकवून बँकेत गेले. तिथल्या माणसानं खातं थांबवलं, तक्रार लिहून घेतली आणि मला पाणी दिलं. वायर मीच उपटली. हे लांबून बघत होते.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. हसायचं नाही.

पासवर्ड दुकानातल्याच कॉम्प्युटरवर बदलला. दुसरा आहे कुठे? बँकेचं पान गेले काही दिवस फोनवर येणारा आकडा दोनदा मागायचं. एकदा टाकला की म्हणायचं चुकला, पुन्हा टाका. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. एकदा तर कार्डावरचे सगळे आकडे मागितले, सुरक्षेसाठी म्हणून. म्हटलं, वा, किती काळजी घेतात आपली! आणि कोपऱ्यात एक लाल खूण यायची, संरक्षणाची मुदत संपली म्हणून. ती मी रोज सकाळी फुली मारून घालवत होते.

ईमेल मात्र एक आली होती. तुला आपल्या दुकानाची रीत ठाऊक आहे. माणूस गेलेल्या घरातून फोटो आला, की बाकी सगळी कामं बाजूला. बाबांनी घालून दिलेला नियम, त्या लोकांना ताटकळत ठेवायचं नाही. तर एका मुलीनं लिहिलं होतं, आजोबा गेले, उद्या मंडळी जमणार, फोटो सोबत जोडलाय, फ्रेम होईल का. फोटो उघडला तर सगळा धूसर. पांढरे केस आणि कान तेवढे कळत होते. वर पट्टी होती, स्पष्ट दिसण्यासाठी हे बटण दाबा. दाबलं. आणखी काहीतरी विचारलं, त्यालाही हो म्हटलं. आजोबा काही स्पष्ट झाले नाहीत.

म्हणून मी तिला उलट लिहिलं, बाळा, दुसरा फोटो पाठव, आणि धीर धर, माझे वडील गेले तेव्हा मलाही असंच सुचेनासं झालं होतं. चांगलं पानभर लिहिलं. अक्रोडाची पट्टी कापून कोपरेसुद्धा जोडून ठेवले. ती चौकट अजून भिंतीला टेकून उभी आहे, आणि ह्यांनी दोनदा विचारलं, त्या आजोबांचं काय झालं.

ते आजोबाच का रे?

तुझी मूर्ख,
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हसू नकोस म्हणालीस म्हणून दार लावून हसलो. चोराला पानभर सांत्वन लिहिणारी माझ्या अख्ख्या नोकरीत तू पहिलीच. साहेबांना सांगितलं, तेही हसले.

हो, ते आजोबाच. फोटो बिटो काही नव्हता, फोटोचं सोंग होतं. तू बटण दाबलंस तेव्हा आत एक प्रोग्रॅम शिरला. ही जात मोठी शहाणी असते बघ. काही मोडत नाही, काही बंद पाडत नाही, अंग चोरून बसून राहते. तुझी बिलं छापू देते, गाणी ऐकू देते. तू बँकेचं पान उघडलंस की मात्र जागी होते. मग तू जी जी कळ दाबशील ती टिपून ठेवते, आणि बँकेच्या पानावर स्वतःची एक चौकट अशी बेमालूम बसवते, की ती बँकेचीच वाटावी. फ्रेमच्या धंद्यातल्या बाईला हे जास्त सांगायला नको. आकडा दोनदा मागितला तो बँकेनं नव्हे, त्या चौकटीनं. फोनवरचा आकडा थोडाच वेळ चालतो, म्हणून चोर पलीकडे तयारीत बसलेला असतो. तू टाकलास की तो तिकडे वापरतो, आणि तुला सांगतो चुकला.

नवा पासवर्डही तू त्याच कळा दाबून घातलास, तो त्याला आयताच मिळाला. आता तुझाच न्याय लावायचा तर पासवर्ड ज्याला ठाऊक तो चोर, म्हणजे दुसऱ्या खेपेची चोर तूच. तुला काही नड होती का गं ताई? असती तर मोकळेपणी सांगायचं होतंस.

रागावलीस? बघ, किती बोचतं ते. मी तुझा सख्खा भाऊ, आणि गमतीनं विचारतोय.

आता चांगली बातमी. तू त्याच दिवशी बँकेत धावलीस म्हणून दुसऱ्या खेपेचे पैसे वाटेतल्या एका खात्यात अडकवता आले, ते परत येतील. पहिल्या खेपेचे मिळतील असं वाटत नाही. तेव्हाच सांगितलं असतंस तर, असो. कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरावा लागेल, ते मी येऊन करीन. तोवर त्याला बँकेचं नावही ऐकू येऊ देऊ नकोस.

आणि आता मला पत्र लिहू नकोस. जिला लिहायचं तिला लिही.

तुझ्या धपाट्याला पात्र,
भोपू


ता. १४ मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. ते घ्यावेत की नाही, हे तूच ठरव. मी देतेय.

पैसे तू घेतले नव्हतेस. ते माझ्या हातानं गेले. एका खोट्या आजोबांचा फोटो मी उघडला, त्यातून कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला आणि माझ्या बोटांवर नजर ठेवून बसला. सगळी हकिगत भोपूमामा नीट लिहून कळवतील, माझ्यापेक्षा त्यांना ती जास्त आवडलीय. पण हे कळलं म्हणून मी माफी मागत नाहीये. हे कळलं नसतं, तरी मी विचारलं ते वाईटच होतं. ज्या मुलीला मी काच कापायला शिकवलं, तिला मी तसं विचारलं. काय म्हणावं मला!

काचवाल्याला काल थांबवून सगळं सांगितलं, चोर कसा आला आणि दार कोणी उघडलं तेही. शिंपीणबाईंना सांगायला रस्ता ओलांडावाही लागला नाही. दोघं पोट धरून हसले. हसू देत, माझी ना नाही.

तुला न्यायला मी स्वतः येणार होते. दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. तुझ्या आईंसमोर उभं राहायची छाती होत नाही गं. त्यांनी विश्वासानं मुलगी दिली, आणि मी तिला चोर ठरवून परत धाडली. त्या दारातून परत जा म्हणाल्या, तर मी काय बोलणार आहे? पण तू ये म्हणालीस, तर त्यांचे चार शब्द ऐकून घेईन. आठ ऐकेन. तुझे सासरे काच कापताना उगाचच दाराकडे बघतात आणि मग माप चुकलं म्हणून माझ्यावर ओरडतात.

यायचं नसेल तर तसंही लिही. पण लिही. गप्प राहू नकोस, तेवढं मला झेपत नाही.

तुझी,
सासू


ता. १७ मार्च

ती. सौ. सासूबाईंस,

शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद घेतले. परत करायची आपल्याकडे पद्धत नाही.

भोपूमामांचंही पत्र आलं. आजोबांची हकिगत वाचून मी इतकी हसले की शेजारच्या मांजरानं खिडकीतून उडी मारली. तुम्ही लिहिलेलं ते पानभर सांत्वन चोरानं वाचलं असेल का हो? मला वाटतं, वाचावं त्यानं.

मी त्या दिवशी गप्प का राहिले, ते सांगते. राग आला होता, खूप आला होता. पण नाही म्हटलं असतं, तर तुम्ही बरं म्हणाला असता, आणि मग मी रोज तुमच्या तोंडाकडे बघत राहिले असते, की विश्वास बसलाय की नाही. ते मला जमलं नसतं. म्हणून हात धुतले आणि निघाले. वाटेत रडले, पण जेमतेमच, गाडीत जागा खिडकीची मिळाली होती.

परत यायचंय मला. काचेवर हिरकणी फिरल्याचा आवाज इथे येत नाही आणि करमत नाही. दोन गोष्टी मात्र ऐकाव्या लागतील. बँकेचं काम वेगळ्या कॉम्प्युटरवर, त्यावर कोणाचेही आजोबा उघडायचे नाहीत. आणि लाल खूण आली की फुली मारायची नाही, मला हाक मारायची. गळा आहेच.

तुम्ही माझ्या आईला घाबरता, ते वाचून कसंतरीच झालं. अहो, तिला काहीच माहीत नाही. बोटीवरही कळवलेलं नाही. इथे आले तेव्हा डोळे लाल आणि नाक गळत होतं, म्हणून सांगितलं, सर्दी झालीय आणि सासूबाईंनीच आग्रहानं विश्रांतीला पाठवलंय. तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ मला पातेल्यावर वाकवून वाफ देते, आणि येईल त्याला सांगते, सासू असावी तर अशी. माझं नाक अगदी ठणठणीत आहे, पण नाही म्हणता येत नाही.

तेव्हा लवकर या. पिशवी भरलीत की रिकामी करू नका. दार माझी आईच उघडेल. तिच्यासमोर काही बोलू नका, मान खाली घालू नका. आत या, माझ्या कपाळाला हात लावा, आणि आता बरं वाटतंय का, एवढंच विचारा.

वाट बघतेय.

तुमची,
सूनबाई