सुभाषनं निवडलेला कॉम्प्रेसर

१० ऑगस्ट, रवि.
ट्रॅक्टरची हवा परत गेली. चाक काढा, जीपमध्ये टाका, घाटनांदूरला न्या. वैताग. घरीच कॉम्प्रेसर घ्यायचा, एकदाच, टिकाऊ. सौ. म्हणाली, "सुभाषला इचारा की." खरंय. मेहुण्याचं सिरसाळ्याला पंक्चरचं दुकान, त्याच्याहून कुणाला कळणार?

१३ ऑगस्ट
सिरसाळा. सुभाषनं तासभर शिकवलं. मोटर तांब्याच्या तारेची, टाकी जाड पत्र्याची. खालचा नळ रोज सोडून पाणी काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर मात्र खोकत होता. त्याच्या लोखंडी पायावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, 'सुभाष'. भांड्यांवर नावं घालणारा आला तेव्हा सासूबाईंनी यावरही घालून घेतलेलं. लई हसलो.
"तुमी कशाला हिंडता दाजी? मी आणतो की नवा."
नव्याचे पैसे तिथंच मोजून दिले. निर्धास्त.

२४ ऑगस्ट
आला! निळाशार. नारळ सुभाषनंच फोडला. त्याचा जुना भंगारात दिला म्हणे.

२६ ऑगस्ट
नळ सोडला तर तांबडं पाणी. फोन केला. "कंपनीत टाकी तपासतेत, तवाचं पाणी हाय दाजी." असेल. आपल्याला काय कळतं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सौ.नं अवजारं धुतली, कुंकू लावलं. कॉम्प्रेसरच्या एका पायावर बोटभर थापलं. म्हटलं, "याचं लगीन हाय का आज?" हसली नाही.

१९ ऑक्टो.
टाकी तळातून फुटली. आडवी केली, पाय पुसला. कुंकवाखाली निळा रंग उडालेला, त्याखाली ठिपके. सुभाष.
केसानं गळा कापला. त्याचा राग आहेच. पण कुंकू कुणी थापलं? धुताना दिसलं असणार हिला. तेव्हापासून रोज समोर बसून वाढते आहे. सोळा वर्षांचा संसार, आणि मी परका.
विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगेल, त्याचीच भीती.

२३ ऑक्टो., भाऊबीज
सकाळीच कॉम्प्रेसर ओट्यावर आणून ठेवला. नाव दाराकडे. सौ.नं पाहिलं. एवढंच म्हणाली, "आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. त्याचं दुकान बसलंय."
म्हणजे सगळं माहीत होतं. मी कॉम्प्रेसर हलवला नाही.
पाट मांडलाय. बाहेर मोटारसायकल थांबली. "दाजी हायेत का घरी?"
ती ताट घेऊन उठली आहे. दाराकडे जात नाही, माझ्याकडे बघते आहे.