लंगडी ओळ

पवनार,
२८ नोव्हेंबर १९५४

चि. श्रावण यास आबाजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या मॅट्रिकचा अर्ज आणून ठेवला आहे. गणितात दोनदा गेलास, तिसऱ्यांदा निघशील. पुढे माझे जुने विद्यार्थी प्रभाकरराव यांच्या कचेरीत कारकुनाची जागा आहे. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात तेलकट हातांनी किती दिवस काढणार? दहा तारखेच्या आत येऊन सही कर. आजी विचारते, पोट्टा वेळेवर जेवतो का.

काल धाम नदीच्या काठी बसलो होतो. तिथेच तुला कविता शिकवायचो. मात्रा मोजताना तुझी बोटे हमखास चुकत.

रागावतो म्हणून लोभ उणा समजू नये.
आबाजी

हिंगणघाट,
२ डिसेंबर १९५४

ती. आबाजींस शि. सा. न. वि. वि.

जेवतो, आजीला सांगावे. पण आबाजी, कचेरीतही आकडेच असतील.

इथे सरकी काढणारा एक रेचा पाच दिवस कुरकुरत होता. दोष कोणाला सापडेना. जंगलू मिस्त्रींनी लाकडी दांडी यंत्राला टेकवून दुसरे टोक माझ्या कानाशी धरले. मला वाटले, कवितेची ओळ लंगडते आहे, शेवटाशी अडखळते. उघडून पाहिले तर डावीकडच्या आसाचा बुश झिजलेला. मिस्त्री म्हणाले, तुले हिशोब नाई येत तर नाई, कान सांभाळजो.

ते मला फिटरीला कायम घेतात. पण घरच्या वडीलधाऱ्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ते कोणाच्या हाती पाना देत नाहीत. आठ तारखेपर्यंत वाट पाहतील. तुम्ही नाही म्हणालात तर मुकाट्याने सहीला येतो.

चिठ्ठी येवो न येवो, लोभ राहू द्यावा.
श्रावण

पवनार,
५ डिसेंबर १९५४

चि. श्रावण यास आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र आजीला वाचून दाखवले. ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, कोणी कविता चुकीची म्हटली की पहिले हाच हसत होता, मग तुम्ही त्याले काऊन मारत होते? चाळीस वर्षे शाळेत काढली. बोटांना गुण दिले, कानाला छडी.

मिस्त्रींना दाखवायची चिठ्ठी सोबत आहे. घरात कोरे कागद होते. तरी तुझ्या मॅट्रिकच्या अर्जाच्या पाठीवरच लिहिली.

लोभ होताच, आता मानही धरतो.
आबाजी