जावयाकडे टाकलेला शब्द

कुंभार पिंपळगाव,
६ ऑक्टोबर २०२४

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवतोय. फोनवर तुझी आई मला बोलूच देत नाही, म्हणून हा खटाटोप. इकडे सर्व क्षेम. सोयाबीन काढणीला आलंय.

तांदळाची निर्यातबंदी उठल्यापासून जुन्या जालन्यातला माझा व्यापारी दोस्त मच्छिंद्र हवेत आहे. काकीनाड्याच्या व्यापाऱ्याशी भागीदारी करून त्याला तुमच्या इंडोनेशियाला तांदूळ विकायचाय. म्हणाला की कडूबा, तुझा जावई तिथल्या सरकारी अन्नखात्यात एवढा मोठा अर्थतज्ज्ञ, एक शब्द टाक की. तुझ्या शिक्षणाच्या वेळी हाच माणूस पाठीशी उभा होता, हे विसरू नको. तेव्हा सुर्योनोला, म्हणजे गावानं ‘सूर्यभान’ करून टाकलेल्या आपल्या जावयाला सांग, मच्छिंद्रचा नमुना बराबर बघून घ्या म्हणावं.

आईचे आशीर्वाद. आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
बाबा

जकार्ता,
११ ऑक्टोबर

ती. बाबांस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी जेवताना कौतुकानं वाचून दाखवलं आणि सुर्योनोचा घास हातातच राहिला. खरेदी समितीत तो स्वतः आहे. विकणाऱ्यासाठी नातेवाइकाचा शब्द आला तर वरिष्ठांना कळवून समितीतून बाजूला व्हायचं, असा त्यांच्या खात्याचा नियम.

पुढच्या महिन्यात तांदूळ खरेदीचा प्रमुख नेमणार आहेत. डोंगरातल्या भातशेतकऱ्याचं हे पोर पुण्यात शिकलं, गोदामावर नोकरीला लागलं, पीक यायच्या आधी भावाचा अंदाज सांगण्यात नाव कमावलं. त्या खुर्चीची वाट बघण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि समितीतून बाजूला झालेल्याला ती कोण देणार? मी विनवलं की कुणाला कळणार आहे? तो म्हणाला, आपल्याला कळलंय ना. उद्या तो साहेबांना सांगणार. मला तुमचा राग आलाय बाबा, त्याचाही, आणि मोठ्यानं वाचणाऱ्या माझाही.

राग गेला की माया आहेच.

तुमची,
सुमेधा

कुंभार पिंपळगाव,
१३ ऑक्टोबर

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्याकडे ओळखीशिवाय दवाखान्यात खाट मिळत नाही, मास्तरची बदली होत नाही. शब्द टाकण्यात काही वावगं असतं, हे मला या वयात कळतंय. सुर्योनोला म्हणावं, बाबांनी शब्द माघारी घेतला. तुझी आई म्हणाली, सुटलेला बाण आणि गेलेला शब्द माघारी येत न्हाई. दोन दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही.

कळव गं जल्दी.

बाबा

जकार्ता,
९ नोव्हेंबर

ती. बाबांस सप्रेम जयभीम. वि. वि.

त्यानं साहेबांना सगळं सांगितलं, आणि खुर्ची दुसऱ्याला गेली. सुर्योनोची बदली दूरच्या एका बेटावरच्या लहान गोदामावर झाली. मच्छिंद्रकाकांचा तांदूळही समितीनं घेतला नाही. मी रडले. तो मात्र सामान बांधताना विचारत होता, बाबा नीट जेवतात ना? तुमच्याकडूनच शिकलेलं ‘मंग काय झालं’ सारखं म्हणतो.

मीही आता रागावलेली नाही. प्रकृतीस जपा.

तुमची,
सुमेधा

कुंभार पिंपळगाव,
२४ नोव्हेंबर

चि. सुर्योनो यांस अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. (सुमेधानं वाचून दाखवावं.)

मच्छिंद्र आल्ता. असला जावई काय कामाचा, म्हणाला. मी चहा पाजला, वाद घातला नाही. तो अर्धा कप तसाच ठेवून गेला. फार जुना दोस्त आहे, वाईट वाटलं.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या एका शब्दापायी माझ्या जावयाची खुर्ची गेली. मागून कुणीतरी विचारलं, मंग जावई सासऱ्याचं ऐकत न्हाई का? बिलकुल न्हाई, म्हणालो. एवढ्या ताठ मानेनं मी कधी खाली बसलो नव्हतो.

लोभ असू द्या, असं लिहिताना आज पेन अडलं. तरी लिहितो, असू द्या.

तुमचा,
कडूबा