तांबडा आधी जातो

८ सप्टेंबर
रेवदंड्याचे हे घर मला प्रथमदर्शनीच आवडले. समोर खाडी, मागे सुपारीची बाग, भरपूर उजेड. मांडव्याच्या बोटीत मात्र सगळे प्रवासी समुद्राकडे पाठ करून स्वतःचीच छायाचित्रे काढत होते. घरमालक महादेवराव म्हणाले, की आधीचे भाडेकरू डोळे बिघडतात म्हणून सोडून गेले. मी आयुष्यभर महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवले आहे. डोळ्यांच्या आधी डोकी बिघडतात, एवढे मला ठाऊक आहे.

चैत्रात प्रमोदिनीच्या अस्थी याच खाडीत सोडल्या. तिची तसबीर पलंगासमोर लावली. लाल शालूतली. आमची मुलगी अनुया रोज फोनवर रडते आणि त्याला माझी काळजी म्हणते.

१० सप्टेंबर
टोमॅटो अंगणात तांबडे दिसतात, घरात काळे. शालूही काळा दिसतो. दारावर मासळी घेऊन येणारी नीराबाई म्हणाली, की मास्तर, टोमॅटो नका बदलू, चष्मा बदला. मी तिला समजावले, की खोल पाणी तांबडा रंग आधी शोषून घेते. त्यावर म्हणते, पान्याखालचं आमाला नका सांगू, आमचं निम्मं गोत तिथंच हाय. अज्ञानाला विनोदाची जोड मिळाली, की ते अजिंक्य होते.

टॉर्च वस्तूला टेकवला, की तांबडा परततो. मागे घेतला, की जातो. म्हणजे दिवा आणि वस्तू यांच्यामध्ये काहीतरी आहे. हाताला ते लागत नाही.

१३ सप्टेंबर
नारिंगी गेला. आज पिवळाही. शाळेतली पोरे घोकतात त्याच क्रमाने: तानापिहिनिपाजा. घर खोल चालले आहे, असे एखादा मूर्ख म्हणेल. मी केवळ नोंद करतो.

महादेवरावांनी मुक्काम हलवण्याचा सल्ला दिला. निदान अविधवा नवमीला एखादी सवाष्ण जेवू घाला, म्हणाले. वहिनी अहेव गेल्या, त्यांचं मन इथं अडकायला नको. मी सांगितले, की पत्नीचे जेवण परक्या बाईच्या पोटात घालण्याइतका बावळट मी अजून झालेलो नाही. वाढायचेच तर तिलाच वाढीन. गेलेल्याला असं घरात बोलावू नका, कोण येईल सांगता येत नाही, म्हणत त्यांनी स्वतःचे कान पकडले. शिकलेल्या माणसाची ही तऱ्हा.

घर सोडणार नाही. या हिरवट उजेडात तसबिरीतली प्रमोदिनी आजारपणातल्यापेक्षा बरी दिसते.

१५ सप्टेंबर, नवमी
तसबिरीसमोर पाट मांडला, पान वाढले, शेजारी तिची हिरवी साडी ठेवली आणि तिला नावाने जेवायला बोलावले. यात हळवेपणा नव्हता. महादेवरावांचा खुळेपणा सिद्ध करायचा होता.

दुपारी साडीचा पदर हलू लागला. पंखा बंद, खिडक्या बंद. पदर एका बाजूला वाहतो, थांबतो, परत येतो. लाटेच्या लयीत.

पानातला भात उठून तरंगतो आहे —

१६ सप्टेंबर
हिरवा गेला. सगळे निळे. कानांत दडे. पाटावर कोणीतरी पाठमोरे बसले आहे. केस वर गेलेले, संथ हलणारे. मी नाव घेतले. वळली नाही.

दाराबाहेरचे ऊन आता समोर दिसत नाही. वर दिसते.

१७ सप्टेंबर
सकाळी अनुयाचा फोन. येऊ नकोस, म्हटले. माझा आवाज तिला ऐकू गेला नाही. आईचे हाक मारणे ऐकू गेले, म्हणाली. बाबा, मी निघाले.

दुपार
अनुया आली. वर, अंगणात. लाल कुडता. मी ओरडतो आहे — तोंडातून नुसते बुडबुडे —

पाटावरची उठली. दाराकडे चालली. ही प्रमोदिनी नव्हे. प्रमोदिनी एवढी उंच कधीच —

अनुयाने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. कुडता काळा झाला. अनु, मागे हो. वर जा, वर —