वितळणारा धागा

प्रिय दिग्विजय,

थांब, "तू आधी शांत हो" हे परत म्हणू नकोस. काल कँटीनमध्ये तीनदा म्हणालास. परवा शांत उभ्या राहिलेल्या खांबाचं काय झालं, ते भट्टीच्या काचेतून आपण दोघांनीच बघितलंय की.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याला बारीक खांब पाहिजे होते, मागांना जागा उरावी म्हणून. आपण लई दणकट काँक्रीट बनवलं. त्यात पोलादी तारा आणि प्लास्टिकचे केसासारखे धागे. पहिला खांब लॅबच्या भट्टीत, आगीच्या चाचणीत दोन तास उभा राहिला. तू सिमेंटच्या हातानं माझा हात धरून म्हणालास, "ऋतुजा, आपलं घर याच मालाचं बांधायचं." मी हसून व्हय म्हणाले. वेडी कुठली.

मग साइटवर मिस्त्री शंकरप्पांनी विचारलं, "सायेब, प्लास्टिक आगीत इरघळतंय, मग आगीसाठी कशाला घालायचं?" त्यांचं चुकलं नाही. सुताच्या गावात वितळला धागा म्हणजे वाया गेला माल. पण तू इंजिनीअर ना रे? "मामा, लाख बोललात," म्हणून यादीतून धागा खोडलास! अरे, तो वितळतो म्हणूनच घालतात. एवढ्या घट्ट काँक्रीटमध्ये वाफ कोंडते, धागा वितळला की तिला वाट मिळते. नाहीतर ती खांबाचं कातडं फोडून बाहेर येते. आणि बारीक खांबाचं कातडं गेल्यावर राहतंय काय?

चूक झाली, होते. माझ्याकडूनपण झाली असती. पण साइटच्या मालाचा, बिनधाग्याचा खांब परवा भट्टीत चोविसाव्या मिनिटाला फुटून वाकला, आणि रिपोर्टात तू पहिल्या खांबाचे दोन तास लिहिलेस. वर मला म्हणतोस, "सही कर, नाहीतर लग्नाचं विसर." वरच्या मजल्यावर शिवणाला चाळीस बायका बसणारेत, दिग्विजय. आपल्याला डबा देणाऱ्या निंगव्वा मावशींची सूनपण त्यात हाय. आग कळून धुरातून सगळ्यांना जिना उतरायला चोवीस मिनिटं पुरतील, असं कुणाला सांगणार तू? मावशींना?

तुला समजवायला मी हे लिहीत नाहीये. तळमजल्याचे खांब त्याच बिनधाग्याच्या मालाचे उभे राहिलेत, आज अकराला त्यावर स्लॅब टाकणारेत. त्याआधी खरे आकडे घेऊन मी मालकांकडं चाललेय. मी सांगितलं हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र लॅबच्या टेबलावर ठेवतेय. फोन बंद केलाय. तू हे वाचशील तेव्हा मी साइटवर असेन. रिक्षा आली, निघाले.

तुझीच, निदान हे वाचून होईपर्यंत,
ऋतुजा